पाटावरची जाळी

वर्षालीचं पत्र होळीच्या आठवड्यात आलं होतं. नवरात्र बसलं तरी उत्तमरावांनी त्याचं उत्तर दिलेलं नव्हतं.

विसरले होते असं नाही. विसरता आलं असतं तर झोप तरी लागली असती. अकोल्याला जठारपेठेत लेकीच्या घरी त्यांना मागची खोली मिळाली होती. तिथल्या कपाटात, पुस्तकांच्या दुसऱ्या रांगेमागे ते पत्र होतं. दर चार-दोन दिवसांनी ते कोरा कागद घेऊन बसत. ‘चि. वर्षालीस अनेक आशीर्वाद’ इथपर्यंत पेन चाले आणि तिथंच थांबे. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात दुसऱ्यांनी लिहिलेलं सांभाळण्यात गेलेली. स्वतः काही लिहायचं म्हटलं की आपण कोण, आपल्या शब्दाला किंमत ती काय, असं त्यांना वाटू लागे. मग कागदाची घडी होऊन तो रद्दीत जाई.

पत्र लहानसंच होतं.

‘काका, ओळखलं ना? रोलरवरची वर्षाली. मी आता चांदूर रेल्वेजवळ आमच्या गावी आईबाबांकडे असते. हात भरून आला. डाव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा आहे. कंपनीनं कामगार कोर्टात लिहून दिलं की जाळी मीच काढली, म्हणून अपघात झाला, म्हणून भरपाई बसत नाही. वकीलबाई म्हणतात कायद्यात तसं आहे. कामगारानं सुरक्षेची वस्तू जाणूनबुजून काढली तर मालक सुटतो. काका, तुम्ही दाराशी बसत होते. तुम्हाला रोलर दिसत होता. वर्षालीनं जाळीला हात लावला नाही, एवढं एक वाक्य लिहून द्या. बाकी काही नको.’

खाली वकीलबाईंचा फोन नंबर होता.

एवढं एक वाक्य. आणि नेमकं तेच उत्तमरावांना लिहिता येत नव्हतं, कारण वर्षालीनं जाळीला हात लावलेला त्यांनी स्वतः पाहिला होता. खोटं लिहायला मन धजत नव्हतं. पण खोटं लिहवत नाही म्हणून आपण गप्प आहोत, की भीती वाटते म्हणून गप्प आहोत आणि वर खरेपणाचं पांघरूण घेतलंय, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना.

कारखाना अमरावतीच्या एमआयडीसीत होता. शेव, चिवडा, शंकरपाळी, खाऱ्या पापड्या असा माल निघायचा. पत्नी गेल्यावर रिकामं घर खायला उठलं, तेव्हा उत्तमराव तिथं हजेरीबाबू म्हणून लागले. दाराशी टेबल, टेबलावर हजेरीपट आणि त्याखाली कुठलं तरी पुस्तक. बाया त्यांना ‘पुस्तकवाले काका’ म्हणत. त्यांच्या खुर्चीतून सरळ समोर रोलर दिसे. दोन पोलादी लाटणी एकमेकांवर फिरायची. मैद्याचा गोळा एका बाजूनं द्यायचा, दुसऱ्या बाजूनं त्याची सपाट पट्टी बाहेर पडायची. लाटण्यांच्या तोंडावर तारेची एक जाळी चार स्क्रूंनी बसवलेली असे. गोळा आत जाईल पण हात जाणार नाही, एवढंच तिचं काम.

आणि या कारखान्यात नवमीची एक रीत होती. मालक मोतीराम शेठ यांच्या वडिलांनी घालून दिलेली. खांडेनवमीला प्रत्येक यंत्रानं आपला एक भाग पूजेच्या पाटावर द्यायचा आणि कोजागिरीपर्यंत तो तिथून हलवायचा नाही. कढईवाले झारा देत. पॅकिंगच्या बाया वजनाचं माप देत. वेफरवाले किसणी देत. त्यांचं काही अडत नसे, कारण झारे पुष्कळ होते, मापं पुष्कळ होती, किसण्याही दोन होत्या. रोलरचं मात्र हातानं उचलून नेता येईल असं एकच निघायचं. जाळी. आणि जाळी एकच होती.

दिवाळीचा माल निघायचा तो याच दिवसांत.

मागच्या वर्षी देवमन फिटरनं स्क्रू काढले. सुपरवायझर सागर म्हणाला, “वर्षाले, तुया मशीनचा मान हाये. तूच ने.” वर्षालीनं घरच्या वावरातल्या झेंडूचा हार आणला होता. आरतीचं ताट धरावं तशी दोन्ही हातांनी जाळी धरून ती आली, पाटावर ठेवली, हार घातला. उत्तमरावांचा आवाज स्वच्छ, म्हणून पोथी त्यांनी वाचली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेठ शेडमध्ये आले, उघड्या रोलरकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, आणि म्हणाले, “चालू करा. माल थांबाले नाई पायजे.” त्या दिवसापासून बाया सकाळी आत येत, पाटावरच्या जाळीला हात जोडत आणि उघड्या लाटण्यांपुढे जाऊन उभ्या राहत. उत्तमरावही हात जोडत.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी दुपारी रोलरचा आवाज जड झाला. गोळा फार घट्ट मळला गेला की होतो, तसाच. म्हणून उत्तमरावांनी आधी मान वर केलीच नाही. किंकाळी आली नाही. मग देवमन धावत जाऊन मेन स्विच पाडताना दिसला.

वर्षालीला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, आणि गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच सागरनं पाटावरची जाळी उचलली. तेलाच्या फडक्यानं हळदीकुंकू पुसलं. देवमननं चार स्क्रू बसवले. संध्याकाळी जाळी बसवलेल्या रोलरचे फोटो काढले गेले. दुसऱ्या दिवशी उत्तमरावांनी तब्येतीचं कारण सांगून रजा टाकली, त्या आठवड्यात ते अकोल्याला लेकीकडे आले, ते परत गेलेच नाहीत.

सातव्या माळेला संध्याकाळी त्यांचा जावई किशोर खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. किशोरची डाळ-बेसनाची दलाली होती, आणि त्या कारखान्यात जाणारं बेसन त्याच्याच हातून जायचं.

“मामाजी, शेठचा फोन होता. नवमीले पूजेले बोलावलं तुमाले.”

“मला कशाला?” उत्तमराव म्हणाले.

“पोथी वाचाले. तुमच्यासारखा आवाज नाई म्हणे कोनाचा.” किशोर जरा थांबला. “आनखी थोडसं बोलाचं हाये म्हणे. कोर्टातलं.”

ज्योत्स्ना, त्यांची लेक, स्वयंपाकघरातून हात पुसत आली. “पोथी वाचाले अमरावतीत माणसं संपली का?”

“तू नको मधात बोलू.”

“काहून नको बोलू? बाप माया हाये.” मग ती वडिलांकडे वळली आणि आवाज उतरवून म्हणाली, “बाबा, जाऊन या. पूजा करा, प्रसाद घ्या, या. पण काही लिहून-बिहून नका देजा. ना इकडं, ना तिकडं.”

“मी कुठं काय लिहिलंय,” उत्तमराव म्हणाले. हे अगदी खरं होतं, आणि खरं असूनही त्यांना मान वर करून बोलता आलं नाही.

नवमीला पहाटेच्या एसटीनं ते मूर्तिजापूरवरून अमरावतीला पोचले. येताना हार घेऊन या, असं सागरनं फोनवर बजावलं होतं. फुलांच्या बाजारात झेंडूचे डोंगर लागले होते. पायाखाली पाकळ्यांचा चिखल, वर माणसांचा आरडाओरडा. ते एका ढिगापुढून दुसऱ्या ढिगाकडे सरकत होते, भाव विचारायचा संकोच वाटत होता. तेवढ्यात खालून आवाज आला.

“पुस्तकवाले काका ना जी तुमी?”

पोत्यावर बसलेली बाई पन्नाशीची असेल. मांडीवर अर्धवट ओवलेला हार, दातांत दोरा.

“मी वर्षालीची माय. पार्बताबाई. दवाखान्यात पायलं होतं मी तुमाले. दाराशी उभे होते. आत नाई आले.”

उत्तमरावांना पळून जावंसं वाटलं. पण मागे हातगाडी होती.

“पत्र पोचलं नाई का तुमाले?”

नाही म्हणणं किती सोपं होतं. टपाल गहाळ होतंच. “पोचलं,” ते म्हणाले.

“मंग?”

पार्बताबाईनं दातांतला दोरा काढला.

“नसन जमत तं नाई म्हनाव जी. माणूस नाई म्हणते तं समजते. गप्प रायलं का पोट्टी पोस्टमनची सायकल आयकून उठते.”

“मला तिला... मी लिहिणार होतो.”

“भरपाईचं एक राहू द्या,” ती मध्येच म्हणाली. “मिळन तं मिळन. तुमाले म्हाईत हाये का लोक काय बोलून रायले? का तिची अडचन होती, तशीच तिनं पूजेची जाळी उचलली. बाटवली. म्हून देवीनं हात घेतला. त्या सागऱ्यानंच उठवलं. कारखान्यातल्या बायाईच्या तोंडून आमच्या गावात आलं. ठरलेली सोयरीक मोडली. आता आरतीचं ताट कोनी तिच्या हाती देत नाई. म्हून पोट्टी म्हणते, काका लिहून देतीन का मी हातच नाई लावला, तं तोंडं बंद होतीन.”

“असं बोलतात?” उत्तमरावांनी विचारलं.

“नव्हती अडचन. अन् असती तरी काय जी? लोखंडाले काय कळते?” तिनं हार संपवून गाठ मारली. “हे ओवाचं काम तिचं होतं. दोन हात लागतात त्याले.”

उत्तमरावांनी हाराकडे बोट केलं. तिनं तो पानात बांधला आणि पुढं केला, पण सोडला नाही.

“कारखान्यातच चालले ना?”

“हो.”

“मंग पैसे पुरे द्या. तुमच्या घरच्या देवाले असता तं तसाच देला असता.”

कारखान्यात शिरताना तेलाचा तोच जुना वास आला. दाराशी त्यांच्या टेबलावर आता बोटाचा ठसा घेणारं यंत्र होतं, खुर्ची नव्हती. कोपऱ्यात पाट मांडलेला. यंदा पाटाभोवती हळदीची जाड रेघ ओढली होती आणि त्या रेघेच्या आत कोणी यायचं नाही, असं सागर सगळ्यांना सांगत फिरत होता.

“या काका, या! अकोल्याचं पानी मानवलं तुमाले.” त्यानं वाकून पायाला हात लावला. मग वळून मोठ्यानं म्हणाला, “रश्मे, आन जाळी!”

रश्मी नवी होती. वीस-बावीस वर्षांची, बारीक, हसऱ्या डोळ्यांची. वर्षालीच्या जागी रोलरवर तीच होती.

“चोख हायेस ना?” सागरनं सगळ्यांसमोर विचारलं. “मांगच्या वर्षीसारखं नको. घरी जा म्हटलं का जाचं, लाजाचं नाई.”

एक-दोघी खुदकन हसल्या. बाकीच्या खाली पाहत राहिल्या. रश्मीच्या डोळ्यांतलं हसू विझलं. तिनं मान हलवली, कोऱ्या टॉवेलात गुंडाळून जाळी उचलली. बोट लागू नये म्हणून किती जपत होती! तान्ह्या लेकराला कोणी एवढं जपून नेत नाही. पाटावर ठेवताना टॉवेलाचं टोक सुटलं आणि तारेला तिची करंगळी लागली, तर तिनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि कोणी पाहिलं का ते पाहिलं. उत्तमरावांनी पाहिलं होतं.

पार्बताबाईनं ओवलेला हार सागरनं जाळीला घातला. उत्तमरावांनी पोथी वाचली. आवाज दोनदा फाटला.

आरती झाल्यावर शेठनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. एसी, गणपती, काचेखाली देवस्थानांचे फोटो. मोतीराम शेठ साठीचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी स्वतः उठून खुर्ची ओढून दिली, पेढ्यांचा डबा पुढं केला आणि डब्याखालून एक टाइप केलेला कागद सरकवला.

“उत्तमरावजी, सही लागन फक्त. वकिलानं बनवलं हाये. वाचून घ्या.”

कागदावर लिहिलं होतं की, पूजा झाल्यावर त्याच संध्याकाळी जाळी यंत्रावर परत बसवली, ती बसवताना मी स्वतः हजर होतो, आणि त्यानंतर सदर महिला कामगारानं काम लवकर उरकावं म्हणून ती स्वतःहून काढली. खाली त्यांचं पूर्ण नाव होतं. वडिलांच्या नावासकट.

“माझं नाव...” उत्तमराव म्हणाले. “मला विचारलं नाही.”

“तुमचं नाव आमच्या साक्षीदारांत उन्हाळ्यातच देऊन टाकलं,” शेठ समजावणीच्या सुरात म्हणाले. “ज्याले आमच्याविरुद्ध बोलाचं असते तो माणूस तवाच बोलते. तुमी वर्षभर एक शबद काढला नाई. आमी समजून गेलो. गप्प राहनारा माणूस आपलाच असते.”

उत्तमरावांनी कागद उलटा करून ठेवला.

“बाकी किशोरभाऊचं बेसन मस्त असते,” शेठनी डबा आणखी पुढं ढकलला. “लय वर्षांचा संबंध हाये. तो तसाच राहो म्हणतो मी. पेढा घ्या ना.”

“चष्मा... हा वाचायचा नाही. घरी नेऊन बघतो,” उत्तमराव पुटपुटले. चष्मा वाचायचाच होता, नाकावरच होता. शेठ हसले आणि घरी न्या म्हणाले. उत्तमरावांनी घडी करून कागद खिशात घातला. त्याच वेळी भिंतीपलीकडून एक घरघर सुरू झाली.

“आज नवमी ना?” त्यांनी विचारलं. “आज तर यंत्रं बंद असतात.”

“नागपूरची ऑर्डर हाये यंदा. म्हून आजच चालू केलं.”

बाहेर आले तर रोलर फिरत होता. लाटण्यांच्या मधली काळी फट उघडी होती. रश्मी गोळा उचलून तळव्यांनी आत रेटत होती, तळवे फटीपाशी जाऊन परत येत होते. पुन्हा जात होते. कढईवरचा माणूस गाणं गुणगुणत होता. कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

“सागर, जाळी केव्हा बसवणार?”

“कोजागिरीले. तुमाले म्हाईत नाई का?”

“पण गेल्या वर्षी...”

“मांगच्या वर्षी कायनं झालं ते सारं गाव जानते काका,” सागर बाकीच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. “यंदा कोनी बाटवली नाई. यंदा काही होत नाई.”

कधी नव्हे ते उत्तमरावांचे पाय पुढं गेले. हळदीची रेघ ओलांडून ते पाटापाशी वाकले, हार बाजूला केला आणि जाळी उचलली. वाटलं होतं त्यापेक्षा ती हलकी होती. ती छातीशी धरून ते रोलरकडे चालू लागले.

“काका! पूजेतली हाये ते!” कोणीतरी ओरडलं. गाणं थांबलं. झारा कढईवर वाजला. रश्मीनं वळून पाहिलं.

“ठेवा काका! ठेवा ते, पाया पडू का तुमच्या!” ती किंचाळली. “मोडता घालू नका! कोजागिरीच्या आंधी हलवली तं माया हात जाईन!”

आणि हे ती म्हणत होती तेव्हा तिचा एक हात मागे, फिरत्या लाटण्यांपासून वीतभर अंतरावर, पिठाच्या फळीवर टेकलेला होता.

“हात! रश्मी, तो हात काढ!”

देवमननं जाऊन स्विच बंद केला. घरघर उतरत उतरत थांबली. त्या शांततेत सागर हसत हसत आला, उत्तमरावांच्या हातून जाळी काढून घेतली, पाटावर ठेवली आणि हार नीट केला. त्यांना दंडाला धरून हळूच रेघेबाहेर आणलं.

“काका, तुमी पोथी वाचाची. मशीन आमाले पाहू द्या.”

“पोरी,” उत्तमराव रश्मीला म्हणाले, “जाळी नाही तोवर तू तिथं हात घालू नकोस.”

“अन् काम कोन करन?” ती आता रडकुंडीला आली होती. “घरी बसवतीन मले. तुमाले काय जी, तुमी आज हायेत, उद्या नाई.”

तिनं पाटाकडे तोंड करून हात जोडले. कान पकडले, जणू गुन्हा तिचाच. देवमननं स्विच चालू केला. त्यानं उत्तमरावांकडे पाहिलं नाही. घरघर पुन्हा सुरू झाली आणि रश्मीनं पुढचा गोळा उचलला.

परतीच्या एसटीत उत्तमरावांच्या मांडीवर पेढ्यांचा डबा होता. तो केव्हा कोणी हातात दिला, तेही त्यांना आठवेना. खिडकीबाहेर काळी रानं मागं जात होती, कपाशी कमरेइतकी वाढलेली. खिशातला कागद छातीला टोचत होता. शेठना एक वाक्य हवं होतं आणि वर्षालीला एक. दोन्ही वाक्यं खोटी, एवढंच ते आजवर धरून बसले होते. पण वर्षालीनं हात लावला नाही असं आपण लिहिलं, तर हात लावणं हाच गुन्हा होता असं आपणही म्हटल्यासारखं होईल, हे आता त्यांना दिसलं. मग त्या रेघेला, त्या कोऱ्या टॉवेलाला, रश्मीच्या पकडलेल्या कानांना आपलीही सही लागेल. जाळीला कोणाचा हात लागला हा प्रश्नच नव्हता. जाळी पाटावर असताना रोलर कोणी चालू करायला लावला, हा प्रश्न होता. आणि हे सगळं ज्याच्या समोर घडलं, तो माणूस वर्षभर पुस्तकांच्या मागे लपला होता.

घरी पोचताच त्यांनी वकीलबाईंचा नंबर लावला. बोलायची सवय नव्हती. सुरुवातीला दोन वाक्यं अडखळली, मग नावासकट सगळं सांगून टाकलं. मागच्या वर्षीचं आणि आजचंही.

“आज चालू होता रोलर? जाळीशिवाय?” पलीकडून बाईंनी विचारलं. “उद्या दसरा आहे, कारखान्यांची तपासणी करणाऱ्यांचं ऑफिस बंद. परवा सकाळी मी स्वतः अर्ज घेऊन जाते. पण काका, डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं नाव लागेल अर्जावर.”

“माझं घाला.”

“त्यांच्या साक्षीदारांत तुमचं नाव आहे, माहीत आहे ना?”

“आजच कळलं,” उत्तमराव म्हणाले. “तिथूनही मी हेच सांगेन.”

फोन ठेवला तेव्हा ज्योत्स्ना दारात उभी होती. ती पेढ्यांचा डबा उचलून आत घेऊन गेली, आणि तो तिनं कोणाला वाढला नाही.

दसऱ्याच्या सकाळी शेजारीपाजारी गाड्या धूत होते. उत्तमराव टेबलाशी बसले.

‘चि. वर्षालीस अनेक आशीर्वाद.

तू मागितलेलं वाक्य मी लिहू शकत नाही. जाळी तू उचललीस, मी पाहिलं आहे. सागरनं सांगितलं म्हणून उचललीस, देवमननं स्क्रू काढून हाती दिली म्हणून उचललीस. त्या वेळी पोथी मी वाचत होतो. दसऱ्यानंतर जाळी पाटावरच असताना रोलर चालू करा असं शेठ म्हणाले, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. तुला दवाखान्यात नेल्यावर जाळी परत बसवली, तेही पाहिलं. हे सगळं मी कोर्टात उभा राहून सांगणार आहे. मला नीट बोलता येत नाही, घाबरायला होतं, पण सांगेन.

त्यांचा वकील तुला विचारेल, जाळीला हात लावला होता का. हो म्हण. मान वर करून म्हण. तुझ्या हातानं काही बाटलं नाही. लोक तुला आणखी बोलतील, कदाचित माझ्या या खरेपणामुळे जास्तच बोलतील, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. तुझ्या आईनं मला विचारलं, नाही तरी का म्हणत नाही. मी नाही म्हणत नाही. पण तू विचारलं होतंस त्याहून वेगळ्या गोष्टीला हो म्हणतो आहे. ती तुला चालेल की नाही, ते मला माहीत नाही.

वकीलबाईंना सगळं सविस्तर वेगळं लिहून पाठवतो आहे.’

दोन पाकिटं बंद करून ते चपला घालत होते, तेव्हा किशोर ओसरीवर आला. त्याच्या हातात मोबाइल होता.

“मामाजी, शेठचा सकाळपासून तीनदा फोन येऊन गेला. सही झाली का विचारून रायले.” त्याला पाकिटं दिसली. “एकडाव विचार करा. घर चालते यावर.”

“माहीत आहे मला, किशोर.”

“मंग?”

“तुमच्या बेसनाचं मी काही करू शकत नाही. तुम्ही म्हणालात तर मी दुसरीकडे राहायला जाईन.”

किशोरच्या हातातला मोबाइल पुन्हा थरथरू लागला. दोघंही त्याच्याकडे पाहत राहिले. त्यानं तो उचलला नाही, बंदही केला नाही.

उत्तमराव रस्त्यावर आले. दुकानांच्या शटरना झेंडूची तोरणं, मोटारसायकलींच्या हँडलला हार. कोपऱ्यावरच्या टपालपेटीला कोणीतरी हळदीकुंकवाची बोटं ओढून ठेवली होती. पेटी उद्या उघडणार होती. वकीलबाईही उद्याच जाणार होत्या. आणि अमरावतीत आज, या घटकेला, रोलर चालू होता की सणाची सुट्टी होती, हे त्यांना माहीत नव्हतं. चालू असेल तर रश्मीचे तळवे फटीपाशी जात असतील आणि परत येत असतील.

त्यांनी आधी वकीलबाईंचं पाकीट टाकलं. मग वर्षालीचं फटीत अर्धं सरकवून त्यावरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला, आणि सोडून दिलं.